‘आपला माणूस’ म्हणजे नक्की कुणाचा?

चि.स अनेक उत्तम आशीर्वाद.

श्री ठाणेदारांच्या विजयावरच्या तुझ्या निबंधाचा कच्चा खर्डा पोचला. रात्री जेवणं उरकल्यावर दोनदा वाचला. श्री ठाणेदार २०२२ साली डेट्रॉइटमधून, मिशिगनच्या १३व्या मतदारसंघातून, अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आले तेव्हा आमच्या घरी पेढे आले होते. मीही आनंदाने खाल्ले. बेळगावात वाढलेला, १९७९ साली शिकायला इकडे आलेला मराठी मुलगा इथवर पोचतो, याचं अप्रूप मलाही आहे. पण बाळा, तुझ्या बारा पानांत मतदार मला कुठेच भेटला नाही. उमेदवाराचं गाव आहे, शाळा आहे, धंदा आहे, आणि ज्यांनी मत दिलं ती माणसं मात्र ‘तिथल्या जनतेने’ एवढ्या दोन शब्दांत उरकली आहेस.

त्या ऑगस्टमधली एक सकाळ सांगतो. पक्षाचा उमेदवार मतदारच निवडतात त्या पक्षांतर्गत निवडणुकीचा निकाल लागला होता. हा मतदारसंघ डेमोक्रॅटिक पक्षाचा इतका पक्का, की ऑगस्टमध्ये जो जिंकतो त्याला नोव्हेंबरची फारशी चिंता नसते. मी उत्साहाने माझ्या जुन्या सहकाऱ्याला फोन लावला. कारखान्यात आम्ही वीस-बावीस वर्षं एकाच पाळीला होतो. तो कृष्णवर्णीय, हायलंड पार्कचा, आईवडील अलाबामातून गाड्यांच्या कारखान्यात कामाला आलेले. मी म्हटलं, आमच्या गावचा माणूस जिंकला. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, “तुझं अभिनंदन. १९५५ पासून या शहराचा आमच्यातला कुणीतरी वॉशिंग्टनला असायचा. आता जानेवारीपासून कुणी नसेल.” त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते मला जास्त लागलं. तुझा निबंध या १९५५ पासून सुरू व्हायला हवा.

त्या वर्षी चार्ल्स डिग्ज डेट्रॉइटच्या १३व्या मतदारसंघाचे प्रतिनिधी झाले. मिशिगनमधून निवडून गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय. घरचा व्यवसाय अंत्यसंस्काराचा. त्याच सप्टेंबरात दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यात एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाच्या खुनाचा खटला उभा राहिला. डिग्ज स्वतः उठून तिथल्या समनर गावच्या कोर्टात जाऊन बसले. लोकप्रतिनिधी असूनही त्यांना जागा मिळाली ती कृष्णवर्णीय पत्रकारांसाठी कोपऱ्यात लावलेल्या टेबलापाशी. ज्युरीने तासाभरात गोऱ्या आरोपींना सोडून दिलं. मिसिसिपीतल्या कृष्णवर्णीयांना तेव्हा मत टाकणंही जवळजवळ अशक्य होतं, त्यांच्या वतीने वॉशिंग्टनला बोलणार कोण? डेट्रॉइटमधली कितीतरी घरं दक्षिणेतूनच आलेली. त्यांच्यासाठी तो प्रवास म्हणजे आपल्या मागे राहिलेल्या भावंडांची विचारपूस होती. पुढे १९७८ साली डिग्ज कर्मचाऱ्यांच्या पगाराच्या गैरव्यवहारात दोषी ठरले, तरी महिन्याभरात मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं. या मतदारांना भोळं म्हणण्याआधी ते कोर्टातलं टेबल आठव.

दुसरं नाव जॉन कॉनियर्स. १९६४ साली अगदी थोड्या मतांनी पक्षाची उमेदवारी जिंकले आणि पुढे पन्नासहून जास्त वर्षं काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत राहिले. १९६५ साली त्यांनी आपल्या डेट्रॉइटच्या कार्यालयात रोझा पार्क्सना नोकरी दिली. गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा न सोडणाऱ्या त्याच. त्यावरून पेटलेल्या आंदोलनानंतर अलाबामात काम मिळेना म्हणून त्या डेट्रॉइटला आल्या होत्या. कॉनियर्स यांच्या कार्यालयात त्यांनी १९८८ पर्यंत काम केलं, लोकांच्या घरांच्या, पोटापाण्याच्या तक्रारी ऐकल्या. माझा सहकारी सांगतो की त्याची आई भाड्याच्या घराची तक्रार घेऊन गेली होती, आणि समोर चष्म्याआडून बघत कागदावर टिपून घेणाऱ्या बाई कोण हे तिला घरी आल्यावर कळलं. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर चारच दिवसांत त्यांच्या नावाच्या सुट्टीचं विधेयक कॉनियर्स यांनीच मांडलं, आणि त्याचा कायदा व्हायला १९८३ साल उजाडलं. शेवट मात्र वाईट झाला. महिला कर्मचाऱ्यांच्या आरोपांनंतर त्यांनी २०१७ च्या डिसेंबरात पद सोडलं. आरोप त्यांनी नाकारले होते.

एक चूक आत्ताच दुरुस्त कर. तू ‘१३वा मतदारसंघ’ या आकड्यामागे धावला आहेस. दर दहा वर्षांनी जनगणना झाली की सीमा नव्याने आखल्या जातात आणि आकडे इकडचे तिकडे होतात. कॉनियर्स यांच्या मतदारसंघाचा क्रमांक आधी १, मग १४, शेवटी १३. तेव्हा आकडा सोड, गल्ल्या धर. १९५० साली डेट्रॉइटची वस्ती साडेअठरा लाख होती, २०२० साली सहा लाख चाळीस हजारांच्या आत आली. माणसं गेली तशा जागाही गेल्या. २०२० च्या जनगणनेनंतर मिशिगनच्या १४ जागांच्या १३ झाल्या. त्यातच सीमा आखण्याचं काम आमदारांकडून काढून १३ नागरिकांच्या स्वतंत्र आयोगाकडे आलं होतं. मतदारांनीच २०१८ साली तसा कौल दिला होता. पूर्वी शहरातली कृष्णवर्णीय मतं दोन मतदारसंघांत कोंबलेली असायची, आयोगाने ती पसरवली, आणि दोन्हींत त्यांचं प्रमाण निम्म्याखाली आलं. हेतू चांगला होता असं मी मानतो, पण शहरात त्याचं दुःख झालं हेही लिही.

आता मतं फुटण्याविषयी. इथे मात्र नीट थांब. कॉनियर्स यांची जागा रिकामी झाल्यावर ७ ऑगस्ट २०१८ ला एकाच मतपत्रिकेवर दोन लढती होत्या. एक उरलेल्या काही आठवड्यांच्या मुदतीसाठी, दुसरी पुढच्या पूर्ण मुदतीसाठी. मतदार तेच, दिवस तोच, पेन तेच. छोट्या मुदतीसाठी चार उमेदवार होते, तिथे शहराच्या नगरपरिषदेच्या कृष्णवर्णीय अध्यक्षा ब्रेंडा जोन्स जिंकल्या. पूर्ण मुदतीसाठी सहा होते, तिथे त्याच जोन्स हरल्या आणि पॅलेस्टिनी आईवडिलांच्या पोटी डेट्रॉइटमध्ये जन्मलेल्या रशिदा तलैब जिंकल्या. दुसऱ्या यादीत दोन नावं जास्तीची होती, त्यातलं एक शहराच्या पहिल्या कृष्णवर्णीय महापौरांचे चिरंजीव कोलमन यंग दुसरे यांचं. तेवढ्याने पारडं फिरलं. इथे पक्षाच्या निवडणुकीत फेरमतदान नसतं, ज्याला सर्वांत जास्त मतं तो विजयी.

तू बेळगावचा. तुला हे समजावून सांगायची गरज नाही. सीमाभागात ‘समितीचा आमदार’, महाराष्ट्र एकीकरण समितीचा, म्हणजे घरातल्या माणसांसाठी काय असतं, आणि २०१८ साली समितीचेच लोक एकमेकांसमोर उभे राहिल्यावर काय झालं, ते तू घरात ऐकलं आहेस. तुझ्या आजोबांना त्या निकालाच्या दिवशी जे वाटलं, तेच माझ्या सहकाऱ्याला २०२२ साली वाटलं. त्या वेळी नऊ उमेदवार होते, त्यातले बहुतेक कृष्णवर्णीय. ठाणेदारांना २८ टक्के मतं पडली आणि तेवढी पुरली.

पण म्हणून ‘मतफुटीने जिंकले’ एवढंच लिहून मोकळा होऊ नकोस. पैसा होता, स्वतःचा आणि भरपूर, तेही लिही. पण विरोधात राज्यातले कृष्णवर्णीय आमदार अ‍ॅडम हॉलियर होते, शहरातल्या बड्या पुढाऱ्यांचा पाठिंबा आणि बाहेरच्या गटांचे लाखो डॉलर त्यांच्यामागे होते. २०२४ साली उमेदवारी अर्जाला मतदारांच्या पुरेशा वैध सह्या नसल्याने हॉलियर यांचं नाव मतपत्रिकेवरूनच गेलं. तेव्हा मेरी वॉटर्स या कृष्णवर्णीय नगरसेविकेशी लढत झाली आणि ठाणेदारांनी निम्म्याहून जास्त मतं घेतली. तेव्हा फुटीचं कारण पुरत नाही. या दोन निकालांमध्ये मतदारांच्या मनात काय घडलं, हा तुझ्या निबंधाचा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर बेळगावात बसून मिळणार नाही.

आणि मतदार म्हणजे एकच रंग नव्हे. याच मतदारसंघात हॅमट्रॅमिक आहे. एकेकाळचं पोलिश गाव, आता येमेनी आणि बांगलादेशी कुटुंबांचं. २०२१ साली तिथे सगळी नगरपरिषद मुस्लिम निवडून आली. आणि तळ्याकाठचं ग्रोस पॉइंटही आहे. तिथले घरांचे दलाल गिऱ्हाइकाच्या उच्चारावरून, वर्णावरून गुण द्यायचे, कृष्णवर्णीयांना तर यादीतच जागा नव्हती. हे १९६० साली उघडकीला आलं. आज ती सगळी घरं मिळून एकच प्रतिनिधी निवडतात.

सुट्टीत येतोयस तेव्हा पहिल्याच आठवड्यात आपण हायलंड पार्कला जाऊ. २०११ साली वीजबिल थकलं म्हणून त्या गावातले रस्त्यावरचे हजारावर दिवे काढून नेले होते. संध्याकाळी सहकाऱ्याच्या ओसरीवर बसू. त्याच्या घराच्या दोन्ही बाजूंचे प्लॉट रिकामे आहेत, गवत तोच कापतो. त्या दिवशी फोन ठेवता ठेवता तो म्हणाला होता, “तुझ्या गावचा आहे ना? मग त्याला आमच्या गल्लीतल्या दिव्यांचं विचार.” वही बरोबर आण, आणि आधी त्याला बोलू दे.

तुझा,
काका