काताच्या प्रार्थना गाळू नकोस

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. काता बेथलेन, आपलं आत्मचरित्र लिहिणारी ती हंगेरियन काऊंटेस, तुला आधी आवडली, मग अर्ध्या वाटेवर नकोशी झाली, आणि आता लेखात तिचं काय ठेवायचं नि काय गाळायचं हेच कळेनासं झालंय. तू मन लावून वाचतेस, लिहितेसही बरं. त्याचं कौतुक मी इथे करत बसत नाही. पण ‘प्रार्थनांचे उतारे काढून टाकले तर ती आजच्या वाचकाला जवळची वाटेल’ हे तुझं वाक्य वाचलं आणि माझं डोकं फिरलं. म्हणून हे लांबलचक पत्र.

गाळायचं नाही. मला एवढंच सांगायचंय. पुढे जे लिहितेय ते सगळं याचंच पाल्हाळ समज.

तुला काय ठेवायचंय ते मला दिसतं. आज रोमानियात असलेल्या ट्रान्सिल्व्हानियातल्या बोन्या गावी १७०० साली जन्मलेली सरदारघराण्यातली मुलगी. वडील १७०८ मध्ये गेले. ती प्रोटेस्टंटांतली कॅल्व्हिनपंथी, म्हणजे रिफॉर्म्ड चर्चची. पण १७१७ साली आईनं आणि घरच्या मोठ्यांनी तिला लास्लो हॉलेर या कॅथलिक उमरावाला दिली. तिला ते लग्न नको होतं. दोन वर्षांत प्लेगनं नवरा गेला. मागे राहिलेली मुलं नवऱ्याच्या नातेवाइकांनी तिच्यापासून तोडली आणि कॅथलिक म्हणून वाढवली. १७२२ मध्ये तिनं आपल्याच पंथातल्या योझेफ तेलेकीशी लग्न केलं. त्या संसारातली मुलं एकामागून एक वारली, आणि १७३२ मध्ये तेलेकीही. त्यानंतर ती आपल्या नावाआधी ‘आर्वा’, म्हणजे अनाथ, असं लावू लागली.

एवढं सांगितलं की कुणाच्याही डोळ्यांत पाणी येतं. म्हणूनच एवढंच सांगायला तुझी गरज नाही. हे कुणीही सांगेल.

आता तू काय गाळणार आहेस ते बघ. चाळिशी उलटल्यावर ही बाई आपलं आयुष्य लिहायला बसली. पुस्तकाचं नावच ‘काऊंटेस काता बेथलेनच्या आयुष्याचं तिनं स्वतः केलेलं थोडक्यात वर्णन’ अशा धाटणीचं आहे. ते छापलं गेलं १७६२ मध्ये, ती गेल्यावर तीन वर्षांनी. त्यात एखादा प्रसंग येतो, लगेच देवाशी बोलणं येतं, पुन्हा प्रसंग, पुन्हा देव. प्रत्येक मरणात तिला देवाचा हात दिसतो. कधी ती त्याला परीक्षा म्हणते, कधी शिक्षा. कॅथलिक पाद्र्यांचं नाव निघालं की तिची लेखणी कडू होते. तू म्हणतेस, ‘यामुळे कथानकाचा ओघ तुटतो.’ अगं, कसलं कथानक? तिनं कथानक लिहिलंच नाही. ती हिशेब देत होती, आणि तो तुला-मला देत नव्हती. प्रार्थना काढ आणि उरलेलं वाच: एका घरातल्या मयतांची यादी उरते. मयतांची यादी गावच्या चर्चच्या वहीतही असते. तिचं स्वतःचं जे आहे ते त्या प्रार्थनांत आहे.

तिचा तो कडवेपणा हवेतून आलेला नाही, हे तुझ्या टिपणांत कुठेच आलेलं नाही. तिकडे लक्ष दे. १५६८ मध्ये तोर्दा इथल्या सभेनं ट्रान्सिल्व्हानियात ज्याला जसा पटेल तसा धर्म सांगायला मोकळीक दिली. पुढे कॅथलिक, ल्यूथरन, रिफॉर्म्ड आणि युनिटेरियन असे चार पंथ राज्यमान्य ठरले. (रोमानियन शेतकऱ्यांचा ऑर्थोडॉक्स पंथ या चारांत नव्हता, हेही लिही. सहिष्णुतेचे गोडवे गाणारे ते हमखास विसरतात.) सतराव्या शतकात तिथले राजे बहुतेक कॅल्व्हिनपंथीच. मग तुर्कांचा वचक गेला आणि व्हिएन्नाचं कॅथलिक राजघराणं, हाब्सबुर्ग, आलं. १६९१ च्या सनदेत सम्राट लिओपोल्डनं चारही पंथांचे हक्क मान्य केले, कागदावर. हाब्सबुर्गांविरुद्धचा राकोत्सीचा उठाव १७११ मध्ये मोडला आणि त्यानंतर व्हिएन्नाच्या दरबारात कॅथलिक असण्याची किंमत काय हे प्रत्येक घराण्याला कळलं. मुलाचा बाप्तिस्मा कोणत्या चर्चमध्ये व्हायचा यावर पुढे पदं, जमिनी आणि सोयरिकी ठरायच्या. अशा काळात एका विधवेची मुलं पंथाच्या नावाखाली तिच्याकडून जातात. तिनं कुठे बोलायचं? दरबारात अर्ज करताना भाषा सांभाळावी लागते. देवासमोर सांभाळावी लागत नाही. तिचा राग तिथे आहे. तिथला राग काढलास तर ती सोसणारी, मऊ, गोड बाई होईल. आणि सोसणाऱ्या मऊ बायका आपल्या मासिकांत आधीच पुष्कळ आहेत.

याचा अर्थ तिला धुऊन-पुसून संत कर असा नाही. ती पुष्कळदा अन्याय करते. समोरच्या पंथातलाही कुणी मनापासून देव मानत असेल, हे ती मनावर घेत नाही. तेही ठेव. आणि ती काऊंटेस होती, हे ठेव. फोगाराशच्या आणि ओल्तहेविझच्या तिच्या जहागिरीवर भूदास राबत होते. तिनं कागदाची गिरणी काढली, काचेचा कारखाना काढला, औषधं बनवून लोकांना दिली, या गोष्टी तू कौतुकानं नोंदवल्या आहेस. गिरणीत हात कुणाचे होते? तिच्या दुःखाच्या गोष्टीत त्या हातांना जागा फार थोडी. तिनं जे लिहिलं नाही ते तू तिच्या तोंडी घालू नकोस, पण ते तिथे नाही हे लिहायला विसरू नकोस. गाळायचं नाही म्हणजे तिची बाजू घ्यायची, असं नव्हे.

तू तिला ‘हंगेरीची लक्ष्मीबाई टिळक’ म्हटलंयस. खोड ते. मला मोह कळतो. पंथावरून फाटलेलं घर, मधल्या मधे ओढाताण झालेली बाई, आणि स्वतःचं आयुष्य स्वतः लिहिणं. पण लक्ष्मीबाई हसतात. स्वतःलाही हसतात, नवऱ्यालाही हसतात, सोवळ्यालाही हसतात, आणि शेवटी स्वतः उंबरठा ओलांडून पलीकडे जातात. काता हसत नाही आणि उंबरठा ओलांडत नाही. तो ओलांडायचा नाही हेच तिचं आयुष्य. दोघींना एका वाक्यात बसवलंस की दोघींचंही अर्धं अंग बाहेर राहतं. त्यापेक्षा तिचा काका मिक्लोश बेथलेन घे. ट्रान्सिल्व्हानियाचा चॅन्सेलर, म्हणजे राज्यकारभारातला बडा अधिकारी, राजद्रोहाच्या आरोपावरून कैदेत पडला आणि कैदेतच आत्मचरित्र लिहिलं. त्याच घराण्यातली, त्याच पंथातली दोन माणसं. एकाला कैद झाली होती, एकीला नव्हती, तरी दोघांनीही देवापुढे बसूनच लिहिलं. हे बाजूबाजूला ठेवलंस तर काही हाती लागेल.

आणि पुस्तकांबद्दल तू दोन ओळींत आटपलंस, ते मला मुळीच आवडलेलं नाही. ज्या स्त्रीची मुलं गेली तिनं ग्रंथालय जमवलं, यात काही दिसत नाही तुला? हंगेरियन भाषेत छापलेली पुस्तकं ती शोधशोधून गोळा करत होती. पाचशेच्या आसपास ग्रंथ झाले. नेदरलँड्समधल्या लायडनला शिकायला गेलेल्या पेतेर बोदला तिनं मदत केली आणि तो परतल्यावर १७४३ मध्ये त्याला आपल्या घरचा धर्मोपदेशक नेमलं. त्यानं तिच्या पुस्तकांची यादी केली. पुढे हाच बोद हंगेरियन लेखकांचा हंगेरियन भाषेतला पहिला चरित्रकोश लिहिणार होता. १७६६ मध्ये तो निघाला. पाचशेहून अधिक लेखकांची नोंद करणाऱ्या या माणसाची तालीम एका विधवेच्या कपाटांसमोर झाली, असं मी म्हणते. पुरावा माग, देईन. तिनं मुलींच्या शिक्षणाला पैसे दिले, गरीब विद्यार्थ्यांना दिले, आणि शेवटी ग्रंथ नॉजएन्येदच्या रिफॉर्म्ड कॉलेजकडे गेले. जानेवारी १८४९ मध्ये, हंगेरियन क्रांतीच्या वेळच्या यादवीत, नॉजएन्येद जाळलं गेलं आणि तिचं ग्रंथालयही जवळजवळ सगळं राख झालं. बोदची यादी राहिली. पुस्तकं नाहीत, नावं आहेत. आगीनं एवढं गाळून झाल्यावर आता तूही कात्री घेऊन बसणार?

भरतकामाचंही तेच. चर्चमधल्या टेबलांसाठी तिनं फुलांनी भरलेली वस्त्रं करून दिली, कित्येकांवर आपलं नाव टाकलं, तेच, अनाथ काता बेथलेन. तू लिहिलंयस की भरतकामात तिचं सौंदर्यप्रेम दिसतं आणि लेखनात कडवेपणा. म्हणजे सुई धरणारी एक आणि लेखणी धरणारी दुसरी? ती वस्त्रं प्रभुभोजनाच्या टेबलावर घालायची, आणि प्रभुभोजन कुणी कसं घ्यायचं यावरूनच तर ते पंथ भांडत होते. ती फुलं त्या भांडणातलीच. १७५९ मध्ये, ज्या वर्षी ती गेली त्याच वर्षी, सेबेनला तिचं ‘संरक्षण करणारी भक्कम ढाल’ अशा अर्थाच्या नावाचं धर्मपुस्तक छापलं गेलं. शेवटपर्यंत ती ढालच उचलून होती. आणि तू मला म्हणतेस, ढाल तेवढी बाजूला ठेवूया.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. ‘बाई, तुम्हाला सोपं आहे बोलायला, माझा लेख छापून यायचा आहे.’ मग ऐक. मी कातावर मराठीत लिहिलं होतं, तू शाळेत असशील तेव्हा. एका मासिकाच्या संपादकांना ते आवडलं. फक्त प्रार्थना निम्म्या करा म्हणाले, शेवटाला जरा आशा आणा म्हणाले. भले गृहस्थ होते, पैसेही वेळेवर देत. मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही म्हटलं. लेख राहिला. मराठीत ती बाई आलीच नाही माझ्या हातून, आणि आज तू ते काम करते आहेस याचा मला आनंद आहे, थोडा हेवाही आहे. लोक म्हणतात मी हट्टानं स्वतःचं नुकसान करून घेतलं. घेतलं असेल. पण निम्म्या प्रार्थनांची काता छापली गेली असती, तर आज तू तीच वाचून पुढे निघाली असतीस, आणि तुला हा प्रश्नच पडला नसता. तुला प्रश्न पडलाय, याचं श्रेय मी माझ्या नकाराला देते. तुला हे आत्मसमर्थन वाटेल. वाटू दे. या वयात तेवढी सवलत मी घेते.

खंत एकाच गोष्टीची. हंगेरियन मी फार उशिरा हाती घेतली. इंग्रजीवरून तिला ओळखलं, आणि मूळ पानं शब्दकोश मांडीवर ठेवून वाचायला लागले तेव्हा डोळे साथ देईनासे झाले होते. फोगाराशला, तिला जिथे पुरलं तिथे, जायचं राहिलं ते राहिलंच. तुझं वय पंचविशीच्या आतलं. तू भाषा शिक. ‘लेख झाल्यावर बघू’ असं लिहू नकोस मला, चिडेन. आत्ता शिकायला लाग, तुझ्या त्या मोबाइलवर का होईना. तिच्या वाक्यांत स्तोत्रांचे तुकडे कुठून कुठे शिरतात ते भाषांतरात अर्धंमुर्धंच कळतं. ते कळलं की प्रार्थना कुठे संपते आणि प्रसंग कुठे सुरू होतो हे सांगता येत नाही, आणि मग कात्री लावायची कुठे हेही सापडत नाही.

आणि ‘धर्मवेडी की बंडखोर’ हा तुझा प्रश्न. मी उत्तर देणार नाही, तुलाही द्यायला सांगत नाही. शीर्षकात प्रश्नचिन्ह टाकून वाचकावर सोडायची युक्तीही नको, ती फार स्वस्त आहे. ती काय म्हणाली ते सगळं ठेव, ती कुणाबद्दल गप्प राहिली ते सांग, आणि बाजूला हो.

कामाचं बोलते. गावांची नावं तिच्या काळातली वापर आणि पहिल्यांदा आलं की आजचं नाव शेजारी दे: बोन्या म्हणजे आजचं बाह्नेआ, नॉजएन्येद म्हणजे आयुद, सेबेन म्हणजे सिबिऊ. सगळी आज रोमानियात आहेत, हे वाचकाला सुरुवातीलाच कळू दे. १७१९ चा भाग पुन्हा लिही. तिथे तू नवऱ्याच्या मरणानंतर एक ओळ सोडून थेट मुलांवर गेली आहेस. मधली सगळी विनवणी गाळलीस. ती पूर्ण भाषांतर करून आधी मला पाठव, बाकी लेख नंतर. संपादकांना एवढंच कळव की मजकूर वाढेल. किती ते आत्ताच सांगू नकोस.

तुझ्या,
बाई