आमच्या गावाची अडचण जिल्ह्याच्या कृषी विस्तार आराखड्यात कशी घालायची?

प्रश्न: "चिकोडी तालुक्यातल्या आमच्या गावात सोयाबीनवर तांबेरा रोग येतो. रयत संपर्क केंद्रात प्रशिक्षणं होतात, पण भलत्याच विषयांवर. हे विषय ठरवतं कोण? आमचा विषय त्यात यावा म्हणून अर्ज कुठे आणि कसा करायचा?"

उत्तर:

विषय तालुक्यात ठरतात. निदान नियम तरी तसा आहे. होबळीच्या (कर्नाटकात होबळी म्हणजे तालुक्यातला काही गावांचा गट) रयत संपर्क केंद्रातला कृषी अधिकारी विषय ठरवत नाही, वरून आलेला राबवतो. त्यामुळे बी-बियाण्याच्या रांगेत उभं राहून त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही.

या सगळ्यामागची यंत्रणा म्हणजे 'आत्मा', कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन संस्था. 1998 नंतर देशातल्या 28 जिल्ह्यांत तिचा प्रयोग झाला आणि 2005-06 पासून ती टप्प्याटप्प्याने देशभर लागू झाली. आता खर्चातले 60 टक्के केंद्र देतं, 40 टक्के राज्य. तिच्या कागदांत 'ब्लॉक' असा शब्द दिसेल. आपल्याकडे ब्लॉक म्हणजे तालुका. आधी तालुक्याचा कृती आराखडा होतो, सगळ्या तालुक्यांचे आराखडे एकत्र करून जिल्ह्याचा, आणि जिल्ह्यांचे जोडून राज्याचा. तालुक्यात हे काम तालुका तंत्रज्ञान व्यवस्थापक म्हणजे बीटीएम करतो, हाताखाली सहायक असतात, आणि सोबत 20 ते 25 शेतकऱ्यांची सल्लागार समिती असायला हवी. समितीने वर्षातून ठरावीक वेळा बसावं, असं अपेक्षित आहे. जिल्ह्याला नियामक मंडळ मंजुरी देतं. त्याचे अध्यक्ष बहुतेक ठिकाणी जिल्हाधिकारी असतात.

मेख इथेच आहे. समिती कागदावरच राहिली की बीटीएम मागच्या वर्षीचा तक्ता उघडतो, साल बदलतो आणि पुढे पाठवतो. तो आळशी असतो म्हणूनच असं होतं असं नाही. त्याच्यापुढे दुसरं काही लिहून आलेलंच नसतं. तेव्हा पहिलं काम म्हणजे तुमच्या तालुक्याच्या समितीवर कोण आहे ते विचारणं. त्यात तुमच्या होबळीचा माणूस असेल तर तो तुमचा टपालवाला. नसेल तर अर्ज थेट सहायक कृषी संचालकांच्या तालुका कार्यालयात द्यायचा, प्रत बीटीएमला. दोन्हीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्यायचाच.

आता अर्जात काय लिहायचं. बहुतेक अर्ज वस्तू मागतात: पंप द्या, ताडपत्री द्या, बियाणं द्या. असा अर्ज विस्ताराच्या, म्हणजे शेतकऱ्याला शिकवण्या-दाखवण्याच्या, आराखड्यात बसतच नाही, तो अनुदानाच्या योजनांकडे ढकलला जातो आणि तिथल्या रांगेत विरतो. आराखड्याच्या तक्त्यातले रकाने साधारण असे असतात: पीक, उत्पन्नातली तफावत, तिचं कारण, उपाय, उपक्रम, संख्या, खर्च. तुम्ही तफावत आणि कारण भरून दिलंत तर पुढचे रकाने अधिकाऱ्याला भरावेच लागतात. 'तांबेऱ्याने नुकसान होतं' ही झाली तक्रार. 'तांबेऱ्याने एकरी इतकं जातं, या वाणात जातं आणि या तारखेनंतर जातं' ही झाली नोंद. आराखड्यात जाते ती नोंद.

जिल्हा पातळीवर ही नोंद का लागते, तेही समजून घ्या. बेळगाव जिल्हा कर्नाटकच्या तीन कृषी हवामान विभागांत पसरलेला आहे: खानापूर डोंगरी विभागात, बेळगाव-हुक्केरीसारखे तालुके उत्तर संक्रमण विभागात, अथणी-रामदुर्ग उत्तर कोरडवाहू विभागात. कणकुंबीला पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात, अथणीला पाचशे-सहाशेवर भागवावं लागतं. एकीकडे भाताच्या रोपलावणीची घाई, दुसरीकडे द्राक्ष आणि ज्वारी, मध्ये निपाणीचा तंबाखू, आणि कृष्णाकाठी ऊस. अशा जिल्ह्याची 'सरासरी' काढून विषय ठरवला की तो कुणाच्याच बांधाला लागत नाही. म्हणून पाच वर्षांच्या संशोधन-विस्तार आराखड्यासाठी सारख्या परिस्थितीच्या गावांचे गट पाडून, प्रत्येक गटातलं नमुन्याचं गाव निवडून अभ्यास करायचा असतो. तुमचं गाव नमुन्यात आलं नसेल, तर ज्या गावाची माती आणि पाणी तुमच्यासारखं आहे त्याचं नाव घालून लिहा. 'आमची परिस्थिती अमुक गावासारखीच' एवढ्या एका ओळीने काम सोपं होतं.

तुमच्या सोयाबीनचंच घ्या.

तांबेरा फुलोऱ्याच्या आसपास खालच्या पानांवर सुरू होतो. पान उलटं करून दहापट भिंगातून बघा. तपकिरी, जरा फुगीर ठिपके दिसतील. पिकलेल्या ठिपक्यावर बोट फिरवलं की तपकिरी भुकटी बोटाला लागते. जिवाणूजन्य पुरळाचे ठिपकेही वरवर असेच दिसतात, पण त्यात भुकटी निघत नाही. ही खूण अर्जात असली की कृषी अधिकाऱ्याला पाहणीला यावंसं वाटतं. कृष्णाकाठी हा रोग ठाण मांडून बसलाय त्याला कारण आहे. पाण्याच्या सोयीमुळे काही रानात बिनहंगामी सोयाबीन असतं, आणि ते असलं की बुरशीला खरिपाची वाट बघावी लागत नाही. त्यात पानं तासन्‌तास ओली ठेवणारा रिमझिम पाऊस आणि गारवा आला की आठवड्याभरात रान पिवळं पडतं, पानं गळतात, दाणा बारीक राहतो. उगार खुर्दचा परिसर तर तांबेऱ्याच्या चाचणीसाठी संशोधकांच्या ओळखीचा आहे.

तफावत मोजायची पद्धत अवघड नाही. काढणीच्या दिवशी शेताच्या मध्यात, कडा सोडून, दोरीने 5 मीटर बाय 5 मीटरचा चौकोन आखा. त्यातलंच पीक कापा, मळा, वाळवा, वजन करा. एकर म्हणजे 4047 चौरस मीटर आणि चौकोन 25 चौरस मीटरचा, म्हणून किलोला 162 ने गुणलं की एकरी किलो निघतात. 5 किलो भरलं तर 810, म्हणजे आठ क्विंटलच्या वर. पण ओलं वजन धरू नका. 18 टक्के ओलाव्याचं 5 किलो हे 12 टक्क्यांच्या हिशेबात 4.66 किलोच भरतं आणि आकडा 755 वर येतो. असे निदान चार चौकोन: दोन लागण झालेल्या शेतांत, दोन वाचलेल्या शेतांत. प्रत्येकाचं वाण, पेरणीची तारीख आणि फवारणी लिहून ठेवा. 'अंदाजे निम्मं गेलं' याला किंमत नाही.

मग अर्जातला मजकूर असा होतो (आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे घाला):

"गाव अमुक, सोयाबीन सुमारे 300 एकर. बहुतांश वाण जेएस-335. चार ठिकाणी 5 बाय 5 मीटरची पीक कापणी घेतली: तांबेरा आलेल्या शेतात एकरी 5.2 क्विंटल, वाचलेल्या शेतात 8.1 क्विंटल. कारणं: तांबेऱ्याला बळी पडणारं वाण, उशिरा पेरणी, रोग वर पोहोचल्यावर फवारणी. मागणी: येत्या खरिपात एक शेतीशाळा, आणि तांबेरा सहन करणाऱ्या वाणाची प्रत्येकी एक एकराची पाच प्रात्यक्षिकं, शेजारी आमच्या नेहमीच्या वाणाचा तुलनेचा प्लॉट ठेवून."

वाणाबाबत सीमाभागातली एक खास गोम आहे. रयत संपर्क केंद्राचा सल्ला धारवाडच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशींवर चालतो; तिथलं तांबेरा सहन करणारं वाण म्हणजे डीएसबी-21. तुम्ही मात्र मराठी शेती दैनिकं वाचता आणि कागल-कोल्हापूरहून बियाणं आणता, तिथे शिफारस असते राहुरी विद्यापीठाच्या फुले संगम म्हणजे केडीएस-726 सारख्या वाणांची. दोन्ही वाणं तांबेऱ्यापुढे जेएस-335 पेक्षा तगडी आहेत. पण 'आम्हाला केडीएसचंच अनुदानित बियाणं द्या' म्हटलंत तर यादीत नाही म्हणून विषय तिथेच संपेल. त्याऐवजी दोन्ही वाणं शेजारी-शेजारी लावून तुलना मागा. अधिकाऱ्याला हे मान्य करणं सोपं जातं, आणि उत्तर तुमच्याच मातीतून निघतं.

प्रशिक्षण मागण्याऐवजी शेतीशाळा मागा, असं मी सांगेन. एका दिवसाच्या प्रशिक्षणात भाषण, चहा आणि सह्या होतात. शेतीशाळेत 25 जण एकाच शेतात हंगामभर निदान सहा वेळा जमतात, आणि ते शेत गावातल्याच चांगल्या शेतकऱ्याचं असतं. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत एका शेतीशाळेला बरीच वर्षं 29,414 रुपये असा दर होता. तुमच्या विषयाला सहा वर्ग असे पडतात. पहिला मेअखेरीला: ओल्या गोणपाटात 100 दाण्यांची उगवण चाचणी (70 च्या खाली उगवण असेल तर ते बियाणं प्रमाणात बसत नाही) आणि बीजप्रक्रिया. दुसरा पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी, रोपसंख्या आणि तण. तिसरा फुलं येताना, भिंग घेऊन खालची पानं. चौथा फवारणीचा: हेक्झाकोनॅझोल 5 टक्के, लिटरला 1 मिली, एकरी 200 लिटर पाणी. ठिपके दिसताच पहिली, पंधरा दिवसांनी दुसरी. बहुतेकांची चूक इथेच होते: पानांनी रान झाकल्यावर वरून फवारा मारतात आणि औषध खालच्या पानांच्या पाठीला पोहोचतच नाही. पाचवा शेंगा भरताना. सहावा काढणीला, दोरी आणि तराजू घेऊन. या तारखा अर्जातच द्या, नाहीतर तांबेऱ्याचा वर्ग जानेवारीत होतो.

जानेवारीत होतो हा विनोद नव्हे. आर्थिक वर्ष एप्रिलपासून, पेरणी जूनमध्ये, पैसे हप्त्यांनी, आणि ते बऱ्याचदा पेरणी उरकल्यावर येतात. मग मार्चपूर्वी खर्च दाखवायची धावपळ. प्रात्यक्षिकं फसण्याचं हेच मोठं कारण: बियाणं पोहोचेपर्यंत शेतकऱ्याने घरचं पेरलेलं असतं, आणि आलेली पिशवी कोपऱ्यात पडते. उपाय अर्धाच आहे. मंजुरी मिळाली की पाच शेतकऱ्यांनी बियाणं आपल्या पैशाने वेळेवर घ्यायची तयारी ठेवावी आणि आराखड्यातला खर्च औषधं, बैठका आणि पीक कापणीकडे वळवून मागावा. दुसरं कारण शेताची निवड. रस्त्याकडेचं, विहिरीच्या पाण्याचं, पाहुण्यांना दाखवायला बरं असं रान निवडतात. तिथलं उत्पन्न कोरडवाहू शेजाऱ्याला काहीच सांगत नाही.

आराखड्याचा मजकूर जानेवारी-फेब्रुवारीत आकार घेतो, तेव्हा अर्ज डिसेंबर संपायच्या आत गेलेला बरा. म्हणजे पीक कापणीची मापं याच दसरा-दिवाळीत घ्यावी लागतील. अर्ज मराठीत लिहा, पण कन्नड प्रत जोडा. हा भाषेच्या हक्काचा मुद्दा मी बाजूला ठेवतोय. तालुक्यातला तक्ता कन्नडमध्ये भरला जातो आणि तुमचं वाक्य कुणीतरी दुसऱ्याने भाषांतरित केलं की 'तांबेरा'चा 'करपा' व्हायला वेळ लागत नाही. शेतीशाळेचा मार्गदर्शक आणि पत्रकं मराठीत मिळावीत, ही मागणी मात्र त्याच अर्जात वेगळ्या ओळीत लिहा.

प्रात्यक्षिकाचं साहित्य घ्यायला शेतकऱ्याचा एफआयडी म्हणजे सरकारी नोंदणीतला शेतकरी ओळख क्रमांक लागतो, आणि तो उताऱ्याशी जोडलेला असतो. उतारा अजून आजोबांच्या नावावर किंवा सामायिक असेल तर ऐनवेळी नाव कटतं. पाच नावं देताना हे आधी तपासा. बायकांचंही तेच. निधीतला निदान 30 टक्के भाग महिला शेतकऱ्यांसाठी असावा असं सूत्र आहे, पण उताऱ्यावर नाव नवऱ्याचं आणि वर्ग सकाळी अकराला, भांगलणीच्या ऐन वेळी. दुपारी तीननंतरची वेळ आणि महिला गटाच्या नावाने नोंद, या दोन गोष्टी मागून घ्या.

काहीच उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात तालुका कृती आराखड्याची प्रत आणि शेतकरी सल्लागार समितीच्या वर्षभराच्या बैठकांची इतिवृत्तं मागा. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, शुल्क 10 रुपये, मुदत 30 दिवस. इतिवृत्तं नसतील तर तेही कळेलच, आणि पुढच्या वेळी जिल्हाधिकाऱ्यांना लिहिताना ते उत्तर जोडता येईल. जिल्हा पंचायत सदस्याकडे जाण्याचा जुना मार्ग मात्र 2021 मध्ये सदस्यांची मुदत संपल्यावर बंद पडला आणि निवडणुका लांबत गेल्या, तेव्हा त्यावर विसंबू नका.

आणखी एक दार आहे, त्याचा आत्माच्या पैशाशी संबंध नाही: कृषी विज्ञान केंद्र. जिल्ह्यात मत्तीकोप्प आणि तुक्कानट्टी अशी दोन केंद्रं आहेत; तुमचा तालुका कोणाकडे ते फोन करून विचारा. त्यांच्या वैज्ञानिक सल्लागार समितीच्या बैठकीआधी हाच अर्ज तिथेही द्या. एकच फरक करा. दोन वाणांपैकी कोणतं चांगलं हे ठरायचं असेल तर 'शेतावरची चाचणी' मागा. वाण ठरलेलं असून ते लोकांना दाखवायचं असेल तर 'प्रथमरेषीय प्रात्यक्षिक'. शब्द चुकला तर अर्ज चुकीच्या फायलीत जातो.