वर्षातून दोनदा फिरणारी कॅरॅव्हॅन : सर्व्हिसिंग कधी करायचं?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही मिल्टन कीन्सला राहतो. गेल्या ऑक्टोबरात आम्ही चार जणांची, एका धुऱ्याची, 2016 सालची कॅरॅव्हॅन घेतली. मे महिन्यातली शाळेची सुट्टी आणि ऑगस्ट, एवढ्या दोनच वेळा ती बाहेर निघेल. एरवी स्टोरेजमध्ये उभी. सर्व्हिस बुकातला शेवटचा शिक्का तीन वर्षांपूर्वीचा आहे. गाडीचं एमओटी, म्हणजे रस्त्यावर चालण्यायोग्य असल्याची सक्तीची तपासणी, दरवर्षी करावंच लागतं, पण कॅरॅव्हॅनला ते नसतं असं कळलं. मग इतक्या कमी वापराला दोन-तीन वर्षांनी एकदा सर्व्हिसिंग केलं तर चालेल ना?

उत्तर : दादा, नाही चालणार. दरवर्षी करा. आणि तुमचं पहिलं सर्व्हिसिंग मेच्या सुट्टीच्या आधीच उरकून घ्या. तीन वर्षांत तिच्या खाली कोणी वाकून पाहिलेलं नाही आणि आता तिच्यात तुमची मुलं झोपणार आहेत.

एमओटी नाही, हे खरं. पण टायर, ब्रेक, दिवे धड असलेच पाहिजेत हा कायदा कॅरॅव्हॅनलाही आहे, आणि काही निघालं तर ती ओढणाऱ्या चालकाला जबाबदार धरतात. एमओटीच्या निमित्ताने गाडी निदान वर्षातून एकदा तिऱ्हाइताच्या नजरेखालून जाते. कॅरॅव्हॅनचं तसं नाही. तुम्ही बोलावलंत तरच कोणी येणार.

मैल मोजायचे ते गाडीचे. कॅरॅव्हॅनची वर्षं मोजायची. ती धावून झिजते त्याहून जास्त उभी राहून बिघडते. मी ईस्ट यॉर्कशरमधल्या एका वर्कशॉपमध्ये हेच काम करते, आणि सगळ्यात वाईट ब्रेक मला कमी फिरलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दिसतात. हिवाळाभर हँडब्रेक ओढून ठेवलेला असतो, ब्रेक शू चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला चिकटून बसतात, आतून गंज धरतो. वसंतात गाडी जोडून ओढली की चाक फिरण्याऐवजी घासत येतं. म्हणून स्टोरेजमध्ये चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावायचे आणि हँडब्रेक सोडून ठेवायचा.

टायरचंही तेच. नक्षी नव्यासारखी दिसते, पण बाजूच्या भिंतीवर बारीक चिरा असतात. टायरवर ‘डीओटी’ अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. 2319 असेल तर तो 2019 सालच्या 23व्या आठवड्यात तयार झाला. पाच वर्षं झाली की बदलायच्या तयारीला लागा, सातच्या पुढे अजिबात नेऊ नका, मग नक्षी कितीही शिल्लक असो. तुमची 2016 ची आहे. टायर मूळचेच असतील तर तपासायलाही थांबू नका, बदला.

आता ओल. दरवर्षी म्हणजे दरवर्षी असा माझा हट्ट आहे तो मुख्यतः हिच्यासाठी. ओल मोजायचा मीटर हातात घेऊन आत शिरले की मी आधी समोरच्या खिडकीखालचे दोन्ही कोपरे बघते, मग छतावरच्या झरोक्यांच्या कडा, दाराची चौकट, मागच्या लॉकरच्या आतली बाजू. प्रत्येक ठिकाणचा आकडा कॅरॅव्हॅनच्या नकाशावर लिहायचा. 15 टक्क्यांपर्यंत निर्धास्त राहा. 15 ते 20 असेल तर खूण करून काही महिन्यांनी परत बघायचं. 20 च्या वर गेलं की पाणी कुठून येतंय ते शोधायलाच हवं, आणि 30 च्या वर आतलं लाकूड कुजायला लागलं असण्याची शक्यता मोठी.

अशीच एक कॅरॅव्हॅन आमच्याकडे आली होती. आतला भिंतीवरचा कागद स्वच्छ, एक डाग नाही, वासही नाही. खिडकीखाली अंगठा दाबला तर प्लाय भिजलेल्या बिस्किटासारखा आत गेला. बाहेर ऑनिंगची, म्हणजे बाजूला जोडायच्या तंबूची, पट्टी स्क्रूंनी बसवलेली असते, तिच्यामागचं सीलंट वाळून तडकलं होतं आणि तिथून थेंबथेंब पाणी कित्येक पावसाळी महिने आत मुरत होतं. आदल्या वर्षी कोणी मीटर लावला असता तर पट्टी उतरवून नवं सीलंट भरण्यावर भागलं असतं. आता समोरची अख्खी बाजू उघडावी लागली. म्हणून एका वर्षाच्या आकड्यापेक्षा मला दोन वर्षांच्या आकड्यांमधला फरक जास्त बोलका वाटतो. 12 चे 17 झाले तर आकडा अजून फार मोठा नाही, पण कुठेतरी पाणी शिरायला लागलंय.

आपल्या लोकांना आणखी एक सांगते. कॅरॅव्हॅनमध्ये कुकर लावला, फोडणी केली, रात्री चौघे आत झोपले, की सकाळी खिडक्यांवरून पाणी ओघळतं. ती वाफ असते, गळती नव्हे. स्वयंपाक करताना झरोका उघडा ठेवा. पण थंडी वाजते म्हणून जमिनीतली जाळीची भोकं फडकी कोंबून बंद केलेली मी मराठी घरांच्या कॅरॅव्हॅनमध्ये पाहिली आहेत. असं कधीही करू नका. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळाला तर खालीच साठतो आणि त्याच भोकांतून बाहेर पडतो. कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मवर मुदतीची तारीख असते, तीही बघा. गॅसच्या रबरी नळीवर तारीख छापलेली असते. पाच वर्षं झाली की नळी बदलायची, वरून कितीही चांगली दिसली तरी.

वॉरंटीचं थोडक्यात : पाणी शिरण्याविरुद्धची कंपनीची हमी दरवर्षीच्या तपासणीच्या अटीवरच चालू राहते. तीन वर्षं शिक्का नाही, तेव्हा ती गेली असं धरून चाला.

वेळ कोणती? मार्च-एप्रिलमध्ये सगळ्यांना एकदम जाग येते आणि वर्कशॉपांत जागा नसते. जानेवारीत फोन करा, फेब्रुवारीत काम करून घ्या. फक्त एक ध्यानात ठेवा, हीटर आणि नळ तपासायला आम्ही टाकीत पाणी भरतो. परत आणल्यावर सगळं पाणी काढून टाकलंय ना ते स्वतः बघा. मार्चमधल्या एका गोठवणाऱ्या रात्रीत नळ फुटतो.

प्रश्न : रेडिंगहून. घरी येऊन सर्व्हिसिंग करणारा एक जण दीड तासात काम संपवून गेला. पावतीवर फक्त ‘सर्व्हिस पूर्ण’ एवढंच लिहिलंय. हे बरोबर आहे का?

उत्तर : घरी येऊन काम करणारे उत्तम कारागीर आहेत, त्यात वावगं काही नाही. पण एका धुऱ्याच्या कॅरॅव्हॅनलाही नीट करायचं तर तीन-चार तास जातात. त्यांना एकच प्रश्न विचारा : ड्रम काढले होते का? आल्को कंपनीच्या चेसिसला (खालच्या सांगाड्याला) ड्रम काढला की हबचा, म्हणजे चाकाच्या मधला, नट नवाच घालावा लागतो. तो एकदाच वापरायचा असतो आणि 290 न्यूटन मीटरला आवळायचा असतो. म्हणजे ड्रम खरंच निघाले असतील तर बिलात दोन नटांची किंमत दिसायला हवी. ती नसेल तर ब्रेकचे शू कोणी पाहिलेले नाहीत.

कागदावर आणखी काय हवं : ओलीच्या आकड्यांचा नकाशा, गॅसच्या दाबाची चाचणी, विजेच्या आरसीडीची (शॉक बसू नये म्हणून वीज तोडणाऱ्या स्विचची) चाचणी, टायरच्या तारखा. एवढं मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. कुणाकडे जावं हे ठरत नसेल तर अप्रूव्ह्ड वर्कशॉप योजनेतलं ठिकाण शोधा. 1999 साली नॅशनल कॅरॅव्हॅन कौन्सिल आणि दोन मोठ्या क्लबांनी ती मिळून सुरू केली, आणि त्यात घरी येणारेही आहेत. दर प्रत्येकाचा वेगळा. दोनशे पौंडांच्या वर जाईल असं धरा, आणि सुटे भाग त्यात धरलेत की वेगळे, हे आधीच विचारून घ्या.

प्रश्न : लेस्टरहून. नव्या जोडणीला स्टॅबिलायझर आहे. नवरोबा दर सहलीआधी टो बॉलला, म्हणजे गाडीमागच्या ज्या गोळ्यावर कॅरॅव्हॅन जोडतात त्याला, ग्रीस लावतात. मी नको म्हणते. कोण बरोबर?

उत्तर : वहिनी, तुम्ही. हा स्टॅबिलायझर आतल्या पॅडनी बॉल घट्ट धरून कॅरॅव्हॅनचं डोलणं थोपवतो. ग्रीस लागलं की पॅडची पकडच जाते. बॉल स्पिरिटने पुसून कोरडा करा, आणि गाडीच्या टो बारवर नव्या बॉलचा काळा रंग असेल तर तोही बारीक सँडपेपरने काढा. आत्तापर्यंत ग्रीस लागलंच आहे, तेव्हा पॅड बदलून घ्या. ते साफ करून पुन्हा वापरता येत नाहीत. साध्या, स्टॅबिलायझर नसलेल्या जोडणीला मात्र ग्रीस लागतंच. नवरोबांनी कदाचित ते तिथूनच घेतलं असेल.