‘पांडुरंगा’तला ‘प’ फुटतो, काय करू?

प्रश्न : घरी अभंग रेकॉर्ड करतो. कंडेन्सर माईकपासून चार बोटांवर उभा राहून गातो. ‘पांडुरंग’ म्हटलं की धप्प, ‘भक्ती’ला तर सुतळी बॉम्बच! वर आवाजही जड, घुमट येतो. माईक बदलू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : माईक राहू द्या, जागा बदला. तोंडासमोर तळहात धरून आधी ‘माया’ म्हणा, मग ‘भाव’. ‘भा’ला हाताला लागतो तो हवेचा झोत माईकच्या पडद्यावर आदळतो आणि धप्प होतं. प, फ, ब, भ टाळून अभंग गाणं तर शक्य नाही. विठोबा, पंढरी, भीमा सगळेच हजर असतात!

पण झोत सरळ पुढे जातो, सूर चहूकडे पसरतो. म्हणून माईक झोताच्या वाटेतून काढायचा. तो नाकाच्या उंचीवर आणा आणि वरच्या ओठाकडे किंचित झुकवा. झोत खालून निघून जाईल. हनुवटी मात्र वर नेऊ नका, तार षड्जाला गळा आवळेल. अंतर साधारण एक वीत, १५ ते २० सेंटीमीटर. मध्ये पॉप फिल्टर (झोत अडवणारी जाळी), माईकपासून ५ ते ८ सेंटीमीटरवर. माईकला चिकटवून लावलात तर त्याचा फारसा उपयोग नाही.

जडपणाही यातच कमी होईल. कार्डिऑइड (समोरचं जास्त, मागचं कमी ऐकणाऱ्या) माईकजवळ जावं तसा खर्ज फुगतो. मागे सरकल्यावर आवाज लहान वाटला तर गेन (रेकॉर्डिंगची पातळी) वाढवा, सर्वांत जोरकस ओळ मीटरवर −१० डीबीच्या आसपास राहू द्या. ‘स’, ‘श’ कानाला टोचत असतील तर माईक १०-१५ अंश बाजूला वळवा.

प्रश्न : वीतभर मागे गेलो की खोली घुमते. माईकमागे फोम लावलाय, तरी पंख्याची घरघर आणि कुकरची शिट्टी येतेच.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : फोम चुकीच्या बाजूला आहे. कार्डिऑइड माईक पाठीमागचं सर्वांत कमी ऐकतो. त्याला ऐकू येता तुम्ही आणि तुमच्या पाठीमागची भिंत. म्हणून जाड गोधडी किंवा गादी तुमच्या पाठीमागे उभी करा. माईकची पाठ स्वयंपाकघराकडे हवी. खोलीच्या कोपऱ्यात उभे राहू नका, तिथे खर्ज साठतो. पंखा मात्र बंदच करा. छताची घरघर कुठल्याही कोनातून येते. आणि डाळ आधी शिजवून घ्या, कुकर काही तुमच्या पट्टीत शिट्टी देणार नाही!

प्रश्न : नवा मोठा कंडेन्सर, पण आवाज लांबून, मंद येतो. तोंड अगदी टोकाशी असतं.
– एक वाचक, पणजी

उत्तर : टोकात गाऊ नका. हे माईक बाजूने ऐकतात. ज्या बाजूला कंपनीचं नाव किंवा बदामासारखी खूण असते, बहुतेक तीच पुढची बाजू. तिच्याकडे तोंड करा. तरीही मंदच वाटला तर माईक अर्धा फिरवून तीच ओळ पुन्हा गा. जी बाजू भरदार, तीच खरी.