ऊर्फ, टोपणनाव की जोडपत्ता?

नांदेडच्या एका महाविद्यालयातील संगणक विभागात काम करणारे एक वाचक प्राध्यापकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या ईमेल खात्यांना एपीआयमार्फत (म्हणजे एका संगणकप्रणालीने दुसरीला पाठवायच्या ठरावीक विनंत्यांमार्फत) ‘एलियस’, म्हणजे त्याच खात्याचे जादा पत्ते, कसे द्यावेत, याची माहितीपुस्तिका मराठीत लिहीत आहेत. ‘एलियस’साठी सहकाऱ्यांनी त्यांना ‘ऊर्फ’, ‘टोपणनाव’ आणि ‘पर्यायी पत्ता’ असे तीन शब्द सुचवले असून यांपैकी कोणता वापरावा, असा त्यांचा प्रश्न आहे.

शब्द ठरवण्यापूर्वी ही वस्तू कशी वागते ते पाहणे आवश्यक आहे. गूगल वर्कस्पेस या संस्थांसाठीच्या ईमेल सेवेच्या डिरेक्टरी एपीआयमध्ये प्रत्येक वापरकर्त्याचा एक मुख्य पत्ता असतो आणि त्याच्या जोडीला तीसपर्यंत एलियस देता येतात. एलियसवर आलेली पत्रे त्याच टपालपेटीत पडतात, परंतु एलियस टाकून खात्यात प्रवेश करता येत नाही. पोस्ट विनंतीने एलियस दिला जातो, गेटने यादी मिळते आणि डिलीटने तो निघतो. दिलेल्या एलियसमध्ये दुरुस्ती करण्याची मात्र सोय नाही, त्यामुळे एखादे अक्षर चुकले तर जुना काढून नवाच द्यावा लागतो. थोडक्यात, एलियसला स्वतःचे खाते नसते, स्वतःचा पासवर्ड नसतो. तो दुसऱ्या एका पत्त्याच्या आधाराने उभा असतो.

‘ऊर्फ’ हा शब्द मूळ अरबी असून फारसी-उर्दूच्या वाटेने आपल्याकडे आला. मराठवाड्यात तो विशेष ओळखीचा वाटावा यात नवल नाही, कारण १९४८ पर्यंत येथील सरकारी कारभार निजामाच्या राजवटीत उर्दूतून चालत होता. ‘व्यंकटेश खेडगीकर ऊर्फ स्वामी रामानंद तीर्थ’ असे आपण सहज लिहितो. परंतु या वाक्यांशातील ‘ऊर्फ’ हे कोणत्याही नावाचे नाव नाही, दोन नावांमधला तो दुवा आहे. मराठीत तो अव्ययासारखा वागतो, म्हणून त्याचे अनेकवचन होत नाही आणि त्याला विभक्तीचे प्रत्ययही सुखाने लागत नाहीत. ‘या खात्याचे तीन ऊर्फ काढून टाका’ हे वाक्य कानाला खटकते ते याच कारणाने. उर्दूत ‘उर्फ’ नामासारखाही चालतो, तेव्हा ज्या सहकाऱ्याने तो सुचवला त्याची भाषिक जाण कमी लेखू नये. गंमत अशी की लॅटिनमधले ‘एलियस’ हेदेखील मुळात क्रियाविशेषणच होते, ‘अन्यथा’ किंवा ‘अन्य वेळी’ अशा अर्थाचे. इंग्रजीने त्याचे नाम केले आणि त्याला अनेकवचनही दिले. मराठीने ‘ऊर्फ’च्या बाबतीत तसे केलेले नाही आणि एका माहितीपुस्तिकेने ते काम अंगावर घेऊ नये, असे मला वाटते. ‘ऊर्फ’मुळे आणखी एक गैरसमज होतो, तो म्हणजे दोन्ही नावे समान दर्जाची आहेत असा. येथे तर एक मुख्य आणि बाकीची आश्रित आहेत.

‘टोपणनाव’ हा पर्याय तितकासा निराधार नाही. गूगलच्या जुन्या प्रोव्हिजनिंग एपीआयमध्ये या गोष्टीला ‘निकनेम’ असेच म्हटले जात होते. तरीही मराठी वाचकाला टोपणनाव म्हटले की कवीने घेतलेले नाव आठवते, आणि परीक्षा विभागाच्या अधिकृत पत्त्याला तसे संबोधणे विचित्र दिसेल.

सर्वांत फसवा शब्द ‘पर्यायी पत्ता’ हा आहे. अनेक अर्जांमध्ये ‘पर्यायी ईमेल’ या रकान्यात माणसाचा दुसरा, खासगी, वेगळ्या खात्याचा पत्ता मागितलेला असतो, कारण पासवर्ड विसरल्यास तो उपयोगी पडतो. तुमच्या पुस्तिकेत हाच शब्द दिसला तर कार्यालयातील लिपिक निःशंकपणे तेथे प्राध्यापकांचा घरचा पत्ता भरेल, आणि त्यात दोष लिपिकाचा नसून शब्दाचा असेल.

माझी पसंती ‘जोडपत्ता’ या शब्दाला आहे. ‘जोडपत्र’ शासकीय कागदांत रुळलेले आहे, ‘जोडाक्षर’ शाळेपासून ओळखीचे आहे, त्यामुळे एकाला दुसरे जोडलेले आहे हा अर्थ सांगावा लागत नाही. शिवाय ‘जोडपत्ते’, ‘जोडपत्त्याला’, ‘जोडपत्त्यांची यादी’ ही रूपे अडखळत नाहीत. क्रियापद निवडताना मात्र सावध राहावे. ‘जोडपत्ता जोडणे’ यात द्विरुक्ती होते, आणि ‘पत्ता लावणे’ किंवा ‘पत्ता काढणे’ म्हणजे मराठीत शोध घेणे. ‘पत्ता कापणे’ तर त्याहून वाईट. म्हणून ‘खात्याला जोडपत्ता देणे’ आणि ‘जोडपत्ता काढून टाकणे’ असे लिहावे.

त्याबरोबर ‘प्रायमरी’साठी ‘मूळ पत्ता’ न लिहिता ‘मुख्य पत्ता’च लिहावा. विवाहानंतर एखाद्या प्राध्यापिकेने आडनाव बदलले आणि त्यानुसार खात्याचा मुख्य पत्ता बदलला, तर तिचा आधीचा पत्ता आपोआप जोडपत्ता होतो, जेणेकरून जुन्या पत्त्यावर येणारी पत्रे हुकू नयेत. म्हणजे काळाच्या दृष्टीने जो मूळ, तोच येथे जोड ठरतो. ‘मूळ’ हा शब्द वापरल्यास पुस्तिकेतील वाक्ये एकमेकांना छेद देऊ लागतील.

एकाच पत्त्यावर आलेले पत्र तीन-चार जणांना जावे अशी व्यवस्था हवी असेल तर तो जोडपत्ता नव्हे, त्याला ‘गट’ म्हणावे. युनिक्स या जुन्या संगणकप्रणालीच्या एलियस फाइलमध्ये एका नावापुढे अनेक पत्ते लिहिता येत असल्याने जुन्या जाणकारांच्या बोलण्यात या दोहोंची सरमिसळ होते; एपीआयमध्ये मात्र गटाचे काम वेगळ्या विनंत्यांनी होते.

विनंतीतील क्षेत्रांची (‘फील्ड’ची) नावे अर्थातच भाषांतरित करू नयेत, कारण ती यंत्राने वाचायची असतात. मागितलेला पत्ता आधीच वापरात असल्यास ४०९ क्रमांकाची त्रुटी येते; तिच्या ‘कॉन्फ्लिक्ट’ या इंग्रजी नावाचा अर्थ ‘संघर्ष’ असा शब्दशः न देता ‘हा पत्ता आधीच दुसऱ्या खात्याच्या नावावर आहे’ असे लिहिल्यास वाचणाऱ्याला पुढे काय करायचे ते कळते.