किवीला पंख आहेत!

एका शिक्षिकेने विचारले आहे : 'मुलांना न्यूझीलंडच्या किवी पक्ष्याची माहिती देताना "पंख नसलेला पक्षी" म्हणावे की "बिनपंखी"? आणि त्याच्या अंगावर केस असतात की पिसे?'

पहिल्या प्रश्नातले दोन्ही पर्याय चूक आहेत, कारण किवीला पंख असतात. काही सेंटीमीटरच लांब, अंगावरच्या दाट आवरणात दडलेले, पण टोकाला चक्क नखी असलेले. 'पंख नसलेला किवी' हे वाक्य मी इतक्या ठिकाणी वाचले आहे की आता संताप येतो. पिसाला 'पंख' म्हणणे ही त्याच्याच जोडीची चूक. 'कबुतराचा पंख सापडला' म्हणजे त्या कबुतराचा अवयवच तुटून पडला की! सापडते ते पीस. मोरपीस हा आपला शब्द. 'मोरपंखी' हे रंगाचे नाव रुळले आहे, ते राहू द्या.

या चुकीचे मूळ शास्त्रीय नावात आहे. जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १८१३ मध्ये किवीला 'ॲप्टेरिक्स' म्हटले. त्याचा अर्थ 'पंखरहित' असा लावून सगळे मोकळे झाले. पण हा ग्रीक शब्द उघडून पाहा. यातला 'अ' आपल्याच 'अभाव', 'अज्ञान'मधला नकाराचा 'अ' आहे. 'प्टेरिक्स' ज्या धातूतून आला तोच आपला 'पत्'. संस्कृतात पत् म्हणजे उडणेही आणि पडणेही. 'पतना'त आपण पडणे तेवढे राखले, 'पतंगा'त मात्र उडणे अजून शाबूत आहे. 'पत्र' म्हणजे आधी पंख किंवा पीस, मग झाडाचे पान, मग लिहिलेले पान. लॅटिनमध्ये याच धातूवरून पिसाला 'पेन्ना' म्हणत आणि पिसाची लेखणी झाली 'पेन'. म्हणजे आपण पेनाने पत्र लिहितो तेव्हा हातातली वस्तू आणि समोरचा कागद एकाच कुळातले असतात! हेलिकॉप्टरमधला 'प्टर'ही तिथलाच.

आता आपला 'पंख' पाहा. तोही 'पत्'वरून आला, असे छातीठोकपणे सांगणारे भेटतात. साफ चूक. पंख आला 'पक्ष'वरून, आणि पक्ष म्हणजे बाजू. शुक्ल पक्ष ही महिन्याची एक बाजू, राजकीय पक्ष ही वादातली बाजू. पितृपक्षाला 'पाख' म्हणतो तो याच शब्दातून, आणि पाखरूही त्यातलेच. म्हणजे ग्रीक शब्दाच्या पोटात उडणे आहे, मराठी शब्दाच्या पोटात उडण्याचा मागमूसही नाही. पंख म्हणजे कुशीचा अवयव, एवढेच. किवीपाशी तो अवयव आहे, उड्डाण नाही. म्हणून माझ्या मते धात्वर्थाने 'ॲप्टेरिक्स' खरे ठरते आणि त्याचे मराठी भाषांतर खोटे. शब्दाला शब्द ठेवणाऱ्या भाषांतरकारांनी यावर विचार करावा.

'किवी' या नावाबद्दलही माझे कोशांशी पटत नाही. नर किवी जी शीळ घालतो तिच्यावरून ते पडले, असे बहुतेक कोश सांगतात. पण प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या पॉलिनेशियन भाषांत हा शब्द एका स्थलांतरित किनारी पक्ष्यासाठी आधीपासून होता. तोही तपकिरी, लांब वाकड्या चोचीचा. न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांचे, म्हणजे माओरींचे, पूर्वज तिथे पोचले, जंगलात तसलीच चोच दिसली आणि जुने नाव नव्या पक्ष्याला दिले, हे मला जास्त पटते. किवीची ओळखच मुळी चोच! तिच्या अगदी टोकाला नाकपुड्या असतात, चोच मातीत खुपसून तो वासावर किडे-गांडुळे शोधतो. फळाला 'किवी' हे नाव १९५९ चे, तोवर ते 'चायनीज गूसबेरी' म्हणून विकले जाई.

अंगावर असतात ती पिसेच. पिसाचे तंतू एकमेकांत अडकवणारे सूक्ष्म आकडे त्यांत नसल्याने ती केसांसारखी मोकळी लोंबतात. माओरी लोक या पिसांची मानाची शाल विणतात, तिला 'काहू किवी' म्हणतात.

मुलांना 'न उडणारा पक्षी' सांगा. 'बिनपंखी' शब्द फारच आवडला असेल तर न्यूझीलंडच्याच नामशेष झालेल्या मोआ पक्ष्याला द्या. त्याला पंखाचे हाडसुद्धा नव्हते.