अनुकंपा, आणि जाता जाता घृणा

प्रश्न असा आलाय: एन्झायटी वाढली की सेल्फ-कम्पॅशन ठेवा असं समुपदेशक सांगतात, तर याला मराठीत आत्मदया म्हणायचं की आत्मकरुणा, आणि सरळ 'स्वतःची कीव करणं' म्हटलं तर चालेल का?

कीव? अजिबात नाही. हल्ली भाषांतरित लेखांमधून हे सारखं डोळ्यांवर येतं, 'भीती वाटली की स्वतःची कीव करायला शिका', अहो ते काय शिकवायला लागतं का, घाबरलेला माणूस रात्रभर दुसरं करत काय असतो! कीव ओळखायची 'च' वरून. माझंच असं का होतं, मलाच का, माझीच छाती का धडधडते. तो च खोडून तिथे 'ही' घातला की झालं सेल्फ-कम्पॅशन: लोकांचे हात थरथरतात, माझेही थरथरतायत. क्रिस्टिन नेफ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००३ साली ही कल्पना मांडली तेव्हा तिचे तीन भाग सांगितले होते. स्वतःशी मायेनं वागणं, हे माणसांना होतंच याचं भान, आणि जे वाटतंय ते न फुगवता न दाबता बघणं. मधला भाग म्हणजे आपला 'ही'. 'ही' विसरून जो कोणी भाषांतर करेल तो फिरून कीवेवरच येणार.

दयेचं वेगळं दुखणं आहे. दया वरून खाली येते, करणारा उंचावर बसलेला आणि घेणारा हात पसरून. आता स्वतःच्याच डोक्यावर चढून कुठे बसणार? आत्मदया बाद.

राहिली करुणा. यावर काही शुद्धतावादी मंडळी म्हणतात की करुणा नेहमी दुसऱ्यावरच असते, 'आत्मकरुणा' हा वदतोव्याघात आहे, म्हणजे स्वतःलाच खोडणारा शब्द, आणि पुरावा म्हणून पतंजलीच्या योगसूत्रांतलं मैत्री-करुणा-मुदिता-उपेक्षा हे सूत्र तोंडावर फेकतात. बरं, पण याच चार गोष्टी बौद्ध परंपरेत ब्रह्मविहार म्हणून शिकवल्या जातात, आणि तिथे पाचव्या शतकातले आचार्य बुद्धघोष 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथात स्पष्ट सांगतात की मैत्रीची सुरुवात आधी स्वतःपासून करायची, 'मी सुखी होवो', मग प्रिय माणूस, मग परका, मग वैरी. मैत्रीला हे चालतं तर तिच्या सख्ख्या शेजारणीला का चालू नये? तेव्हा हा आक्षेप मला अर्धवट वाचनाचा वाटतो, कोणाला राग येवो.

पण खरी मजा इथून पुढे आहे. अमरकोशात, म्हणजे अमरसिंहाच्या जुन्या संस्कृत शब्दकोशात, करुणेचे समानार्थी शब्द एका दमात दिलेत: कारुण्य, करुणा, घृणा, कृपा, दया, अनुकंपा, अनुक्रोश. हो, घृणा! मुळात या शब्दात ऊब आहे, दुसऱ्याबद्दल आत वाटणारी ऊब, तिची पुढे किळस कशी झाली ते भाषेलाच ठाऊक. आणि ज्याला रात्री तीन वाजता स्वतःची घृणा वाटत असते त्याला जर कोणी सांगितलं की बाबा रे, हाच शब्द एकेकाळी मायेसाठी होता, तर... असो, हे विषयांतर झालं.

अमरसिंहाशी माझं भांडण असं की त्याने सातही शब्द एकाच पोत्यात भरले. अनुकंपा म्हणजे दया? मुळीच नाही! कम्प् म्हणजे थरथरणं, अनु म्हणजे मागोमाग, सोबत. कोणीतरी थरथरतंय आणि त्याच्यासोबत आपणही थरथरतोय, ती अनुकंपा. अनुक्रोश तसाच, क्रुश् म्हणजे ओरडणं, आक्रोशातला तोच धातू, म्हणजे सोबत आक्रंदणं. यात वर कोण खाली कोण हा प्रकारच नाही. आणि एन्झायटी म्हणजे तरी शरीरात काय, कंपच की! अॅड्रेनलिन सुटतं, ठोके वाढतात, श्वास वरच्यावर चालतो, बोटं हलायला लागतात. त्या कंपाला 'गप बस' म्हणून दटावलं तर त्याच्या जोडीला लाज येऊन बसते, म्हणजे आता दोन दुखणी. अनुकंपा त्याला थांबवायला जातच नाही, शेजारी बसते. माझं तर ठाम म्हणणं आहे की या विषयासाठी संस्कृतात आधीच शब्द करून ठेवलेला होता आणि आपण तो नोकरीच्या अर्जांत 'अनुकंपा तत्त्वावर' म्हणून अडकवून टाकला.

यावर हमखास येणारा प्रश्न, अनु म्हणजे दुसऱ्याच्या मागे, मग स्वतःच्या मागे माणूस कसा जाणार? तर मराठीत आपण रोज जातो. 'मी स्वतःलाच म्हटलं' हे वाक्य बघा, म्हणणारा एक, ऐकणारा दुसरा, आणि ऐकणाऱ्याला बहुतेक वेळा शिव्याच पडतात. मूर्ख, एवढं पण जमत नाही तुला. मुलाखतीच्या आदल्या रात्री मैत्रिणीचा फोन आला तर तिला असं म्हणाल का? तिला म्हणाल, 'घाबरलीयेस ना, साहजिक आहे गं, पाणी पी, बस जरा.' तेच वाक्य, त्याच आवाजात, छातीवर हात ठेवून स्वतःला. याने भीती लगेच पळते असं नाही, आणि ती महिनोन्महिने रोजचं जगणं अडवत असेल तर शब्दकोश मिटून डॉक्टरकडे जावं हेही आहेच.

हां, प्रश्न राहिलाच. छापील लेखात आत्मकरुणा लिहा, बऱ्यापैकी रुळलाय. मला विचाराल तर स्वानुकंपा, पण मी एकटाच म्हणतोय हे मला माहितीये. आणि बोलताना यातलं काहीच नको, बोलताना आपल्याकडे 'सांभाळून घेणं' आहे. भाषणाला उभा राहिलेला नवखा म्हणतोच ना, चुकलं तर सांभाळून घ्या. चूक नाकारायची नाही, माणसाला तोडायचं नाही, दोन्ही त्यात आलं. 'स्वतःलाही सांभाळून घे' म्हणा. त्यातला 'ही' खाऊ नका फक्त.